मौनपट्टी

सह्यगिरी बियाणे कंपनीच्या कोल्हापुरातल्या मुख्य कार्यालयात नवखा माणूस शिरला, की त्याला आधी आपल्या कानांचीच शंका यायची. डोक्यावर पंखे गरगर फिरायचे, खुर्च्या सरकायच्या, कपाटांची दारं उघडायची-मिटायची, आणि यातल्या कशाचाच आवाज यायचा नाही. ऐकू यायची ती फक्त माणसांची बोलणी. भूपालअण्णा चौगुल्यांना मात्र या शांततेचं नवल नव्हतं, कारण तिच्यातली निम्मी त्यांनी स्वतःच्या हातांनी चिकटवली होती.

अण्णा मोठ्या ऑफिस-प्रिंटरांचे मेकॅनिक. एकतीस वर्षं त्यांनी प्रिंटरांची करकर, किरकिर आणि चिरचिर ऐकण्यात घालवली होती. पूर्वी ते एखाद्या ऑफिसात गेले की मशीनला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारत. कधीपासून? सलग की थांबून थांबून? गार असताना की तापल्यावर? मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कागद ओढणारा रबरी रोलर झिजलाय, की शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश कोरडा पडलाय, हे त्यांना झाकण उघडायच्या आधीच कळायचं.

तीन वर्षांपूर्वी मौनपट्टी आली आणि हे सगळं अडगळीत गेलं. पट्टी विड्याच्या पानाएवढी, आरपार दिसणारी. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे हजारो पडदे होते आणि वर्षभर पुरेल अशी कागदाहून पातळ बॅटरी. आवाजाच्या जागी ती दहा सेकंद दाबून धरायची, की ती तो आवाज ओळखून घ्यायची आणि त्याच्या नेमकी उलट लाट सोडायची. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसायचा आणि आवाज जागच्या जागी मरायचा. अण्णांच्या दुरुस्ती-कंपनीचा नियमही सुटसुटीत होता: करकरीला पट्टी, छपाई बिघडली तरच दुरुस्ती. चार मिनिटांत काम संपायचं. गिऱ्हाईक खूश, कंपनी खूश. अण्णांना आपण मेकॅनिक आहोत की पत्रकं चिकटवणारे, असा प्रश्न अधूनमधून पडायचा, पण ते बोलून दाखवत नसत.

पट्टीला एक खोड होती. काम जास्त पडलं की ती तापायची. कंपनीच्या माहितीपुस्तकात याला 'किरकोळ' म्हटलं होतं. अण्णांचा तळहात मात्र ते शिकून बसला. पट्टी कोमट असेल तर साधी किरकिर. चहाच्या पेल्याइतकी गरम असेल, तर आत काहीतरी जिवावर बेतल्यासारखं ओरडतंय.

त्या शनिवारी सह्यगिरीच्या नसीमा मुल्ला दारातच उभ्या होत्या. ऑफिसचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि त्यांचं टेबल प्रिंटरला अगदी लागून.

"अण्णा, वर्षभर गपगार होता बघा. काल एकदम जळल्याचा वास आला आणि कागदावरची अक्षरं बोटाला लागाय लागली."

अण्णांनी बाजूच्या झाकणावरच्या पट्टीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्यांनी झाकण उघडलं. शाईची पूड कागदावर वितळवून पक्की करणारा तापता रोलर तिथेच असतो. त्याचा डावा बुश झिजून पापडासारखा पातळ उरला होता आणि शाफ्टवर नखाएवढी खाच पडली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख होती. काम केलं की आत तारीख आणि नावाची अक्षरं लिहायची, ही मेकॅनिक लोकांची जुनी रीत. 'भू. चौ.' अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. म्हणजे वर्षापूर्वी हा बुश ओरडत होता, तेव्हा चिमूटभर ग्रीसनं भागलं असतं, आणि त्यांनी त्याचं तोंड बंद करून सही ठोकली होती.

अण्णांचे कान लाल झाले. कुणी बघितलं नव्हतं, तरी त्यांना लाज वाटली.

"पट्टीनं बरं झालं न्हवतं व्हय ते?" मुल्लाबाईंनी विचारलं.

"पट्टीनं तुमचं डोकं दुखायचं थांबलं, बाई. मशीनचं दुखणं तसंच चालू होतं."

दोन तास खपून त्यांनी शाफ्ट आणि बुश बदलले, सगळीकडची कागदाची धूळ झाडली, ग्रीस लावलं. नवी पट्टी मात्र चिकटवली नाही. मशीन सुरू झालं तेव्हा दळणाच्या चक्कीसारखा हलका घुमारा आला. बाकीचे टेबलांवरून माना वर करून बघू लागले.

"आवाज येतोय की, अण्णा."

"असला येऊ दे. बदलला की मला फोन करा."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवणं झाली आणि त्रिशलाबाई आडव्या झाल्या. अण्णांच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि बायकोची झोप त्यांना पाठ होती, निदान त्यांचा तसा समज होता. अलीकडे त्या एकाऐवजी तीन उशा घेत. विचारलं तर म्हणत, पाठ धरते. पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाणंही त्यांनी थांबवलं होतं. विचारलं तर म्हणत, पायऱ्यांनी गुडघे बोलतात. अण्णांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या होत्या, कारण त्रिशलाबाई खोटं बोलतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

झोपेत खालची उशी सरकली होती. ती नीट करायला अण्णांनी हात घातला आणि त्यांचा तळहात जागीच थांबला.

अभ्रा गरम होता. अंगाची ऊब अशी नसते. ती ऊब त्यांनी कालच झाकणावर हाताखाली घेतली होती, आणि क्षणभर त्यांना ती इथे कशी, हेच कळेना. मग त्यांनी अभ्र्यात बोटं घातली. आत मौनपट्टी होती. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पिशवीतली एक पट्टी कमी झाली होती आणि कुठेतरी पडली असेल म्हणून ते स्वतःलाच वेंधळा म्हणाले होते.

त्यांनी पट्टी ओढून काढली आणि मुठीत दाबून बंद केली.

खोलीत बारीक शिटी ऐकू आली. श्वासाबरोबर वर चढणारी, आणि शेवटी उकळत्या भाजीसारखी खदखदणारी. एकतीस वर्षांत हजारो आवाज ओळखलेल्या माणसाला हा एक ओळखता येईना. त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला नाही. खाली वाकून बायकोच्या पाठीला कान लावला.

त्रिशलाबाई जाग्या झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या मुठीकडे पाहिलं आणि नजर चुकवली.

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"सलग की थांबून थांबून?"

"आडवं पडलं की सलग. बसलं की थांबतंय."

"गार असताना की..."

"मी काय झेरॉक्सचं मशीन हाय व्हय?" त्रिशलाबाई हसल्या आणि हसताहसताच त्यांना धाप लागली. "जिना चढून तापलं की जास्त."

"आणि मला सांगायचं सोडून पट्टी लावलीस? अगं, मी मेलो होतो काय?" अण्णा ओरडले. लग्नानंतर ते बायकोवर असे दोनदाच ओरडले असतील.

"अहो, दिवसभर तुमच्या कानात लोकांची करकर. घरात नळ टिपकला तरी उठून बसता तुम्ही. म्हटलं, माझ्या छातीच्या आवाजानं तुमची झोप कशाला मोडायची." मग त्या उशीला टेकून बसल्या. "आणि खरं सांगू? आवाज गेला की मलापण वाटायचं, बरं झालंय मला."

अण्णा बायकोशेजारी बसले आणि लहान मुलासारखे रडले. राग बायकोवर होता की स्वतःवर, की हातातल्या त्या चिटुकल्या पट्टीवर, हे त्यांना सांगता आलं नसतं.

गल्लीतल्या डॉक्टर शिरगुप्प्यांनी रविवार असूनही दार उघडलं. त्यांनी नळी कानाला लावली, घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?" त्रिशलाबाईंच्या आधी अण्णांनीच तिन्ही उत्तरं देऊन टाकली.

हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती आणि फुप्फुसात पाणी साठत होतं. पाच दिवस मोठ्या दवाखान्यात काढावे लागले. औषधांनी पाणी उतरलं. झडपेचं काम दोन महिन्यांनी करायचं ठरलं. "आणखी एक उन्हाळा हे असंच गेलं असतं, तर आपण आज वेगळं बोलत असतो," एवढंच डॉक्टर म्हणाले.

शुक्रवारी दोघं घरी आले. दुपारी त्रिशलाबाई दोन उशांवर टेकल्या. अण्णांच्या फोनवर कंपनीचा निरोप वाजला: सह्यगिरीच्या कामातल्या पट्टीचा फोटो मिळालेला नाही, कारण कळवावे. अण्णांनी निरोप वाचला आणि जुनी डायरी काढली. तीन वर्षांत कुठे कुठे पट्ट्या लावल्या, त्या पत्त्यांची यादी ते करू लागले. सोमवारपासून रोज चार-पाच ठिकाणी जायचं, झाकण उघडायचं, पट्टी काढायची. कंपनीनं घरी बसवलं तर घरूनच जायचं, एवढं त्यांचं ठरलं होतं.

लिहितालिहिता ते मधेच थांबत आणि कान देत. शिटी अजून होती. अगदी बारीक, पण होती.

"अहो," डोळे न उघडताच त्रिशलाबाई म्हणाल्या, "ऑपरेशन होईस्तोवर हे रोज ऐकावं लागंल. झोप लागंल का तुम्हाला?"

अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि बायकोचा हात हातात घेतला. गेले पाच दिवस ते स्वतःला भलताच प्रश्न विचारत होते: दिवाळीपासून इतके महिने, त्या शांततेत, आपल्याला झोप लागलीच कशी?