खळ अजून ओली आहे

जिन्यावर पुस्तकाचे दोन तुकडे झाले. पहिला अर्धा तिच्या हातात राहिला आणि दुसरा अर्धा पायऱ्यांवरून सुटत, उलगडत थेट ग्रंथालयाच्या तळघरात, बांधणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन पडला. आत एक जण पुठ्ठे कापत बसला होता. त्याने उठून पानं गोळा केली, क्रमाने लावली आणि मग कुठे मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"कशाचं आहे हो एवढं जाड?"

"संरचनावादाचं," ती धापा टाकत म्हणाली. ती वरच्या मजल्यावर, कॉलेजात साहित्य शिकवायची. नोकरीला जेमतेम सात महिने झाले होते, आणि सारखे फळ्यावर तक्ते काढते म्हणून मुलांनी तिचं 'तक्ता मॅडम' असं बारसंही करून टाकलं होतं. "म्हणजे... गोष्टीत काय घडतं ते बाजूला ठेवायचं आणि गोष्ट जोडली कशी आहे ते बघायचं. शंभर गोष्टी घ्या, सांगाडा तोच. कुणाला तरी काही हवं असतं, काहीतरी आडवं येतं, कुणीतरी मदत करतं."

"म्हणजे शिवण बघायची. आमचंच काम की!"

"अगदी!"

"फक्त शिवण बघायला आम्ही पुस्तक फाडत नाही."

ती खळखळून हसली. बाइंडरने पुस्तक ठेवून घेतलं आणि उद्या यायला सांगितलं.

उद्या आला. "खळ अजून ओली आहे," तो भांड्यातल्या पांढऱ्या, चिकट खळीकडे बोट दाखवत म्हणाला. "घाई केली तर पुन्हा सुटेल." परवाही ओलीच. तेरवाही. ती रोज तास संपला की खाली उतरायची, डुगडुगत्या स्टुलावर बसायची आणि त्याच्या सुईकडे बघत बडबडायची. शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो, तो शेजारच्या शब्दांपासूनच्या वेगळेपणातून येतो, हे तिने त्याला तिथेच सांगितलं.

"ऊन म्हणजे काय? तर जे सावली नाही ते."

"मग मी कोण?"

"जे ग्रंथपाल नाहीत ते."

"आणि तुमच्या लेखी?"

ती एकदम खळीच्या भांड्यात बघायला लागली... भांड्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

अकराव्या दिवशी पुस्तक मिळालं. आत चार कागद होते. "माझ्या एका मित्राने गोष्ट लिहिलीय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "वाचाल? पण... फक्त तुम्हीच."

मित्र कोण हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. गोष्ट साधी होती. एक घड्याळजी, एक गाणं शिकवणाऱ्या बाई. बाईंचं घड्याळ तो रोज तपासायचा आणि म्हणायचा, अजून मागे पडतंय, उद्या या. तिला गोष्ट गोड वाटली आणि थोडी भाबडीही. तिने कागद पुस्तकातच ठेवले.

पुढच्याच आठवड्यात विभागप्रमुख तिचा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसले. नोकरी कायम होणं न होणं त्यावर होतं. तिने घोकून आणलेलं उदाहरण पार फसलं. मुलं जांभया देत होती, प्रमुख खिडकीबाहेर बघत होते. आणि तिने पुस्तकातून ते चार कागद काढले.

"चला, एक प्रेमकथा घेऊ," ती म्हणाली, आणि तिने घड्याळजीचे संवाद लाडिक आवाज काढून वाचले. मग फळ्यावर तक्ता. नायकाची इच्छा : बाई. अडथळा : नादुरुस्त घड्याळ. "लेखकाला वाटतं, हे माझ्या मनातून आलं. प्रत्यक्षात आलंय साच्यातून!"

वर्ग खो खो हसला. प्रमुखही हसले. तीही हसली... आणि तिला दारात बाइंडर दिसला. हातात बांधून झालेल्या पुस्तकांची चळत होती. त्याने ती टेबलावर ठेवली, कडा सरळ केल्या, "पुस्तकं, मॅडम," म्हणाला आणि गेला.

धरणी दुभंगावी असं तिला वाटलं. तास संपल्यावर प्रमुखांनी तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा तिला ते अंगावर गरम पाणी पडल्यासारखं लागलं. ती तळघरात धावली.

"माझं चुकलं. मी..."

"मुलं हसली त्याचं काही नाही," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. "मुलं हसणारच. तुम्हीपण हसलात."

दोन दिवस तिला आरशात बघवेना. तिसऱ्या दिवशी परतीच्या पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या ग्रंथपालबाईंना तिने उगाच विचारलं, "खळ वाळायला किती दिवस लागतात हो?"

"दिवस? अगं, संध्याकाळी लावली की सकाळी खडखडीत!"

तिला ते चार कागद आठवले. घड्याळ कधी मागे पडतच नव्हतं.

पुढच्या तासाला तिने तोच तक्ता पुन्हा काढला. "मागच्या वेळी ही गोष्ट मी न विचारता वाचली. ती फक्त मला दिलेली होती. मला लाज वाटते," ती म्हणाली. मग तिने फळ्यावरच्या 'अडथळा' या शब्दावर बोट ठेवलं. "आणि घड्याळ हा अडथळा नव्हता. तो घड्याळजीने स्वतः तयार केला होता. बाई उद्या पुन्हा याव्यात म्हणून."

"मग मॅडम, तक्ते खोटे असतात?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

"तक्ता खरा असतो. रकाना मी चुकवला."

ती खाली उतरली तेव्हा तो पुठ्ठ्याला कापड चढवत होता. त्याने वर पाहिलं नाही. तिने चार कागद त्याच्यासमोर ठेवले, शेजारी ते जाड पुस्तक ठेवलं.

"वर्गात सगळं सांगून आलेय. माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही मला. पण... हे पुस्तक पुन्हा सुटलंय."

त्याने पुस्तक उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला. "ठणठणीत आहे."

"नीट बघा ना." तिचा चेहरा तापला होता, डोळे भरले होते. "मला वाटतं, अकरा दिवस तरी लागतील."

त्याने पुस्तक आपल्या बाजूला ठेवून घेतलं. मग त्याने पायाने डुगडुगतं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"खळ हल्ली फार हळू वाळते," तो म्हणाला. "जास्तच लागतील."