बुचाच्या झाडांना काय झालं होतं

ही घडलेली गोष्ट आहे. रचायचीच असती, तर मी तिच्यात माझ्या आजोबांना चांगला माणूस केलं असतं.

त्यांचं नाव मन्मथप्पा. बहात्तरच्या दुष्काळात ते गेले. जायच्या आधी महिनाभर त्यांनी मला समोर बसवून हे सगळं सांगितलं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो.

साल फसली १३३१, म्हणजे आपलं १९२१-२२. निजामाचा अंमल. नेकनूरजवळ एका जहागीरदाराची बाग होती आणि आजोबा तिथं दारोगा होते. माळ्यांवर देखरेख ठेवायची, झाडाझुडपांचा जाब द्यायचा. फाटकापासून बंगल्यापर्यंत दोन्ही बाजूंनी बुचाची चौदा झाडं होती. आजोबांनी स्वतः लावलेली, सात वर्षांची.

त्या चैत्रात ती वाळायला लागली.

आधी शेंडे गेले. मग पानं पिवळी पडली. पाटाचं पाणी भरपूर होतं. आजोबांनी मुळं उकरून पाहिली, वाळवी नव्हती. शेणखत घातलं, राख घातली. काही फरक पडेना.

मालकांनी बोलावून घेतलं. आठ दिवसांत कारण सांगा, नाहीतर दुसरा दारोगा बघतो, म्हणाले.

आजोबांनी एकेक खोड हातानं चाचपलं. तेव्हा सापडलं. कमरेएवढ्या उंचीवर प्रत्येक खोडाला खोल वळ होता आणि वळाच्या वरचं खोड सुजलं होतं. कशानं तरी ते आवळलं गेलं होतं.

त्याच उंचीवर कडूबाईची झोळी असायची.

कडूबाई बागेला पाणी द्यायची. नवरा पटकीत गेलेला. पाच महिन्यांचं पोर दोन झाडांमधल्या झोळीत घालायची, झोका द्यायची आणि कामाला लागायची.

आजोबांनी मालकांना झोळीची दोरी हे कारण सांगितलं. कडूबाईला ताकीद दिली, की पुन्हा झाडाला दोरी दिसली तर काम बंद. तिनं दोरी सोडली आणि झोळीचं लुगडं खांद्यावर टाकून पुन्हा पाणी द्यायला गेली.

इथवर सांगून झालं. मग आजोबा म्हणाले, "झाडं चौदा वाळत होती, बाळा. झोळी दोनालाच होती. मला दिसत न्हवतं का? समदं दिसत होतं."

चौथ्या दिवशी दुपारी पोर गुलाबाच्या वाफ्याशी पोत्यावर निजवलेलं होतं. कडूबाई पलीकडच्या वाफ्यांना पाणी लावत होती. पोर नुकतंच पालथं पडायला शिकलं होतं.

पाटात वीतभर पाणी होतं…

तेवढं पुरलं.

तिनं कुणाला बोल लावला नाही. पोराला माती देऊन ती माहेरी, युसूफ वडगावला निघून गेली.

पंधरा दिवस झाले. भर दुपार होती. माळी जेवायला गेले होते आणि आजोबा बागेत एकटेच होते.

झाडांवर घुमणारे होले अचानक गप्प झाले.

मग वारा पडला. एक पान हलेना.

आणि तरीही… कर्र… कर्र… ओझ्यानं ताणलेल्या दोरीचा आवाज.

ती दोन झाडं एकमेकांकडे वाकत होती. वाकायची, सरळ व्हायची. पुन्हा वाकायची. मधे काहीच नव्हतं.

मग… पोर रडायला लागलं.

अगदी जवळून. कमरेएवढ्या उंचीवरून.

आजोबांना पळायचं होतं, पण काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी हात पुढं केला आणि रिकाम्या हवेत झोका दिला.

हाताला ओलं कापड लागलं.

रडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आजोबा माळ्यांना लवकर जेवायला पिटाळायचे आणि स्वतः तिथं झोका देत उभे राहायचे. आजीला त्यांनी काही सांगितलं नाही. अन्न गोड लागेना, अंग उतरत चाललं.

झोळी जाऊन महिना झाला, तरी झाडं वाळतच होती.

पहिलं झाड पुरतं मेलं. बिभीषण माळ्यानं ते तोडायला घेतलं. कुऱ्हाड वळावर बसली… आणि ठण्णकन वाजली.

खोडाच्या आत तार होती. गंजलेली, सालीनं पुरती गिळलेली.

रोपं वाऱ्यानं पडू नयेत म्हणून सात वर्षांपूर्वी आजोबांनीच ती तारेनं बांबूला बांधली होती. दरसाल तार सैल करायची आणि रोप धरलं की काढून टाकायची, हा साधा नियम. बांबू कुजून गेले. तार काढायची ते विसरले.

बिभीषण हळूच म्हणाला, "दारोगा, मंग कडूबाईला उगंच…" आजोबांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. उरलेल्या तेरा झाडांच्या तारा ते बोटं फुटेपर्यंत उकरत बसले. दुसऱ्या दिवशी तट्टावर बसून युसूफ वडगावला निघाले. तिला खरं सांगायचं, एवढंच ठरवून.

कडूबाई अंगणात ज्वारी निवडत होती. त्यांना बघून उठली, बसायला घोंगडं टाकलं. वाटभर आजोबांनी वाक्य घोकलं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं.

"दारोगा, झाडं जगली का?"

"जगली," आजोबा म्हणाले.

ती म्हणाली, "मंग बरं झालं. माजी दोरीच वंगाळ होती. लेकरू गेलं, पर झाडं तरी वाचली."

तिच्या तोंडावर तेव्हा जरा शांतपणा आला, आणि तो मोडायची आपली छाती झाली नाही, असं आजोबा म्हणाले. ती काही दया नव्हती. दयेच्या आडून त्यांनी स्वतःला वाचवलं. ते माझ्यावर जीव टाकायचे, तरी मी हे म्हणतो.

परत आल्यावर दुपारी ते पुन्हा झाडांमध्ये उभे राहिले. रडणं सुरू झालं. त्यांनी झोका दिला.

थांबलं नाही.

पुन्हा दिला… पुन्हा दिला… ऊन कललं, माळी परत आले. माळ्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर झोक्यानं ते कधीच थांबलं नाही. आजोबांनी नोकरी सोडली, नांदूरघाटला दुकान टाकलं, तरी रोज दुपारी ते रडणं त्यांच्या कानात असायचं. पन्नास वर्षं.

सांगून झाल्यावर माझा हात धरून म्हणाले, "म्या न्हाई सांगू शकलो. तू सांगून ये." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. आधी लाज वाटली, मग संसार आडवा आला.

गेल्या वर्षी गेलो, सत्तरीला आल्यावर. युसूफ वडगावात कडूबाईला ओळखणारं कुणी उरलं नाही. तिचं माहेरचं आडनाव आजोबांनी कधी विचारलंच नव्हतं.

आजोबांच्या कानातलं ते रडणं त्यांच्याबरोबर गेलं की नाही, याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. दुपारी मला झोप लागत नाही, एवढंच सांगतो. हे वाचून तिच्या नात्यातलं कुणी निघालं, तर त्याच्यासमोर कसा उभा राहणार, तेही मला कळत नाही. तरी लिहितोय.

कडूबाई, तुमच्या दोरीनं काही झालं नव्हतं. ती तार होती आणि ती आमची होती.

आणि झाडं जगली नाहीत. चौदाच्या चौदा गेली.