तारेपलीकडचा हात

“बेंसा, माई!”

लिंदाउरा तारेच्या कुंपणाशी येऊन म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे जांदिराने आपला उजवा हात पाठीमागे नेला.

“देव तुझं कल्याण करो, पोरी...”

त्या पठारावर ‘बेंसा’ म्हणून थोरांचा हात ओठांना लावल्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नसे. लिंदाउरा रोज सकाळी आजीचा हात घेई, बापाचा घेई, वाटेत भेटलेल्या धर्ममातेचाही घेई. फक्त आईचा आशीर्वाद तिला मिळे तो तारेवरून. दहा वर्षांची होती तेव्हापासून, आणि आता अठरावं सरत आलं होतं.

आज मात्र ती लगेच वळली नाही. तारेचा काटा बोटाने फिरवत म्हणाली, “माई, जुवेनालच्या घरच्यांनी लग्नासाठी जूनमधला शनिवार धरलाय. चर्चला निघताना... त्या दिवशी तरी हात देशील ना?”

जांदिराने पाठीमागचा हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

“ठीक आहे,” लिंदाउरा कोरडेपणाने म्हणाली. “तुला नको असेल तर राहू दे. माझी सवय झालीय.”

नको असेल तर! ज्या हाताने त्या पोरीच्या वेण्या घातल्या, तिला कसावाच्या पिठाचे घास भरवले, तो हात अकरा वर्षं तिच्या गालासाठी आसुसलेला होता, आणि पोरीला वाटत होतं की आईलाच नको आहे... पण खरं सांगायची सोय नव्हती. जांदिराने शब्द दिला होता.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या छातीवर, मग पाठीवर पातळ फोड उठले होते. ते फुटत, कातडीचे पापुद्रे निघत, आणि अंगभर अशी आग होई की लोकांनी त्या दुखण्याला नावच दिलं होतं ‘रानआग’. सासूने, गाव जिला मानाने ‘दोना’ म्हणे त्या युफ्राझियाने, तिचं अंथरूण जाळलं, तिचा पत्र्याचा पेला गोठ्याच्या खिळ्याला टांगला आणि मुलाला, म्हणजे जांदिराच्या नवऱ्याला बेलार्मिनोला, सांगून तिला मालट्रकमधून दूरच्या शहरातल्या दवाखान्यात धाडलं. तिथे ती गोळ्यांनी बरी झाली. मग त्याच वॉर्डात राबली; अशी तीन वर्षं गेली. तिच्यासारख्या शेकडो जणांना तिने न्हाऊमाखू घातलं. पण ओढ लागली होती लेकीची! ती परतली, तर दोना युफ्राझिया दारात आडवी उभी.

“घरात पाऊल टाकलंस तर या पोरीला उद्या कोण करून घेईल? ओढ्याकाठच्या झोपडीत राहा. हात लावायचा नाही. आणि हे मी सांगितलं, असं तिला कळता कामा नये.”

जांदिराने समजावून पाहिलं होतं, की हे स्पर्शाने लागत नाही, दवाखान्यातल्या एकाही परिचारिकेला लागलेलं नाही. ऐकतो कोण? शेवटी तिने मान तुकवली. पोरीला वाढायचं होतं ते आजीच्याच मांडीवर. तिच्या मनात आजीविषयी विष कशाला कालवायचं? दोष आपल्यालाच येऊ दे... असं म्हणून तिने आठ वर्षं ती झोपडी आपली मानली.

लिंदाउरा त्या सकाळी घराकडे वळली, आणि तेवढ्यात बेलार्मिनो धावत कुंपणाशी आला. थोराड माणूस, पण चेहरा पांढराफटक पडलेला.

“जांदिरा, आईला... आईला तेच झालंय.”

“काय?”

“महिनाभर लपवत होती. गळ्यापर्यंत बटणं लावून बसायची, आम्हाला वाटलं थंडी वाजते. गुपचूप डांबराच्या पाण्याने अंघोळ करत होती म्हणे! आता पाठ चादरीला चिकटलीय. शेजारणी दारातूनच बघून पळाल्या. मी... मला हात लावायचा धीर होत नाही गं.”

जांदिराने त्याच्याकडे पाहिलं. आठ वर्षं हा माणूस तिचं जेवण कुंपणालगतच्या ओंडक्यावर ठेवून मागे सरत आला होता.

“जांदिरा, मी तुझ्याशी जे वागलो...”

“ते नंतर. आधी केळीची पानं काप. कोवळी, न फाटलेली, दहा-बारा. आणि चुलीवर पाणी ठेव.”

मग तिने तार वर उचलली आणि वाकून पलीकडे गेली. इतकी सोपी होती ती तार!

खोलीत डांबराचा उग्र वास कोंदला होता. दोना युफ्राझिया पालथी पडून विव्हळत होती; अंगावरची चादर पाठीला चिकटलेली. लिंदाउरा दाराच्या चौकटीला धरून रडत होती.

“थांब तिथेच!” सुनेला पाहताच म्हातारी ओरडली. “एवढं करून पोट भरलं नाही तुझं? तूच दिलंस मला हे!”

“आज मी थांबणार नाही, दोना युफ्राझिया.” जांदिरा खाटेशी गुडघे टेकून बसली. कोमट पाण्याने चादर भिजवत, बोटाबोटाने ती सोडवू लागली. “मी दिलं म्हणता, तर मला सांगा. कधी दिलं?”

“अगं आई गं... म्हणजे काय कधी?”

“शेवटचा मला हात कधी लावलात?”

म्हातारीने तोंड उशीत खुपसलं.

“माझ्या पेल्यातून पाणी कधी प्यायलात? माझा फडका, माझी खाट, माझं अंथरूण?”

“जाळलं होतं मी ते,” म्हातारी पुटपुटली.

“हो, जाळलंत. अकरा वर्षं तुम्ही मला शिवला नाहीत. या अख्ख्या गावात माझ्यापासून सगळ्यांत लांब कोण राहिलं असेल तर तुम्ही! आणि वॉर्डात ज्या बायांनी रोज माझी पाठ धुतली, त्या ठणठणीत आहेत. मग स्पर्शाने लागतं म्हणता ते कसं?”

दोना युफ्राझिया हट्टी होती, पण मूर्ख नव्हती. आयुष्यभर तिने कोंबड्यांपासून जावयांपर्यंत सगळ्यांचे हिशेब तोंडी ठेवले होते, आणि हा हिशेब कुठूनही मांडला तरी एकच उत्तर येत होतं. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले... आणि मग भरून आले.

चादर सुटली. जांदिराने पानं पुसून, विस्तवावर जरा शेकवून, निववून, त्यांना जरासं तेल लावून खाटेवर अंथरली आणि सासूला अलगद त्यांवर निजवलं. पान कातडीला चिकटत नाही. वॉर्डात जखमेच्या पट्ट्या संपल्या की परिचारिका असंच करत.

“गार लागतंय,” म्हातारी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “तुझे हात बरे आहेत. मला वाटलं होतं खरखरीत असतील.”

दाराशी लिंदाउराचं रडणं थांबलं होतं. ती आईच्या हातांकडे बघत होती, आणि तिच्या मनात एक प्रश्न उभा राहत होता. मग इतकी वर्षं कशासाठी?

शहरातल्या त्याच दवाखान्यात डॉक्टर नोएमिया यांनी जांदिराला पाहताच मिठी मारली. पिकल्या केसांच्या त्या शांत बाईने दोना युफ्राझियाच्या खांद्यावर अंगठा दाबून हलकेच सरकवला. वरची कातडी पापुद्र्यासारखी घसरली. मग छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि चार दिवसांनी म्हातारीला खुर्चीसकट सूक्ष्मदर्शकापाशी नेलं.

“आजी, कातडीतल्या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या एकमेकींना धरून असतात. मध्ये चुना असतो. आपल्या शरीरात रोगाशी लढणारे राखणदार असतात ना, त्यांनी तुमच्या बाबतीत चूक केली. घरच्याच चुन्याला चोर समजले. तो खाऊन टाकला. बघा, विटा सुट्या झाल्यात.”

दोना युफ्राझिया बराच वेळ डोळा लावून बसली.

“म्हणजे बाहेरून कुणी आलं नाही?”

“नाही. राखणदारांना कशाने भुलवलं, ते अजून पक्कं ठाऊक नाही. ओढ्याकाठच्या बारीक काळ्या माश्यांवर आमचा संशय आहे. पण माणसाकडून माणसाला हे जात नाही, एवढं नक्की.”

“घरच्यालाच चोर समजले...” म्हातारी स्वतःशीच म्हणाली आणि सुनेकडे न बघता तिने पदर डोळ्यांना लावावा तसा रुमाल लावला.

लग्न पुढे ढकललं. गोळ्यांनी फोड दोन महिन्यांत सुकले, आणि लगेच दोना युफ्राझियाने आपल्या मताने गोळ्या बंद करून पिठाच्या डब्यात लपवल्या. पंधरा दिवसांत आग पुन्हा उठली. जांदिराला डबा सापडला.

“भाकरीत घालून मुलाला चारायचा विचार होता का?”

“ओरडू नकोस. बरी झाले होते.”

“गोळी एकदम सोडायची नसते. हळूहळू, डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. आ करा.”

“सासू आहे मी तुझी.”

“म्हणून तर सांगतेय. नाहीतर नाक धरून घातली असती.”

म्हातारीने तोंड उघडलं. हसू आवरेना म्हणून ते उघडंच राहिलं.

नोव्हेंबरात, रानातल्या पेकीची फळं पिकायला लागली तेव्हा, लग्नाचा शनिवार उजाडला. अंगणात पेकीच्या भाताचा वास दरवळत होता. पाहुणे जमले होते. जुवेनालची आई, दोना कासिल्दा, ओठ मिटून एका बाजूला बसली होती; नवरीच्या आईविषयी तिच्या कानांवर सगळं आलेलं होतं. आणि जांदिरा? ती कुंपणापलीकडे, आपल्या झोपडीच्या दाराशी उभी होती. सासूची शुश्रूषा निराळी; पोरीला हात न लावण्याचा शब्द अजून कुणी परत केला नव्हता, आणि तिने तो पाळला होता. आज पोरीच्या संसाराचा प्रश्न होता. एका कुजबुजीने तो मोडला तर...

दोना युफ्राझिया घरातून बाहेर आली. निळा झगा, गळ्याचं बटण उघडं. छातीवरचे सावळे डाग सगळ्यांना दिसतील असे. हातात पत्र्याचा एक जुना, पोचे पडलेला पेला होता. गोठ्याच्या खिळ्यावरचा! तिने चुलीवरच्या किटलीतली कॉफी त्यात ओतली आणि सर्वांसमोर घोट घोट करून संपवली.

“हा माझ्या सुनेचा पेला,” ती मोठ्याने म्हणाली. “अकरा वर्षं मी याला शिवले नाही, तिला शिवले नाही, तरी रानआग मला लागलीच. तेव्हा ज्याला कुणाला भीती वाटत असेल त्याने माझ्याकडे बघावं. आणि लिंदाउरा, तू इकडे ये. तुझी आई तुला हात देत नव्हती, तो तिचा निर्णय नव्हता. माझा होता. तुझं लग्न मोडेल अशी धमकी मी तिला दिली, वर तोंड बंद ठेवायला लावलं. तुझ्या मनात मी चांगली राहावी, म्हणून ती वाईट झाली.”

लिंदाउराच्या हातातली फुलं खाली पडली.

“माई...!”

पण तिच्याआधी म्हातारीच निघाली होती. तारेशी पोहोचून तिने बेलार्मिनोला हाक मारली, “अरे बघतोस काय, पक्कड आण!” आणि बेलार्मिनोने, जणू आठ वर्षं याच आज्ञेची वाट पाहत असल्यासारखं, एकामागून एक तिन्ही तारा तटातटा तोडल्या.

दोना युफ्राझियाने सुनेचा उजवा हात धरला. जांदिराने सवयीने तो मागे ओढला, पण म्हातारीची पकड घट्ट होती. थोरांनी धाकट्यांचा हात ओठांना लावल्याचं त्या पठारावर कुणी पाहिलं नव्हतं. तिने लावला.

“बेंसा, पोरी.”

“हे काय करताय...” जांदिराचा आवाज फुटला. “देव... देव तुमचं कल्याण करो, आई.”

आई! हा शब्द तिने या बाईसाठी पहिल्यांदाच उच्चारला होता.

मग लिंदाउरा आली. पांढऱ्या झग्याची कड धुळीतून फरफटत, तुटलेल्या तारा ओलांडून. तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला, गालाला लावला, कपाळाला लावला. अकरा वर्षांच्या सगळ्या सकाळी तिला त्या एका हातातून वसूल करायच्या होत्या.

“बेंसा, माई.”

“देव तुझं कल्याण करो,” जांदिरा म्हणाली, आणि या वेळी ते शब्द लेकीच्या केसांत मिसळले.

तेवढ्यात दोना कासिल्दा उठली, किटलीपाशी गेली आणि तो पोचे पडलेला पेला उचलून म्हणाली, “कॉफी उरलीय का गं थोडी? की सगळी म्हातारीनेच संपवली?”