चौथं सील

"आजकाल सीलं रबराची बनवतात की कागदाची?" क्लेमकाका पुटपुटला. तो इतका जवळ वाकला होता, की टेबलाखाली घरंगळलेला नट शोधणाऱ्या मेरिनला त्याच्या तोंडाचा कांद्याचा वासही आला.

टप्! जुन्या मोटारसायकलच्या पोटातून पत्र्याच्या ताटलीत काळा थेंब पडला. तेल अडवायला आठवड्याभरात आजोबांनी बसवलेलं हे तिसरं नवं सील, आणि इंजिन पुन्हा गळतंय!

"दुकानदाराने जुना माल दिला असणार," आजोबा म्हणाले.

"नाहीतर काय!" काका घाईने म्हणाला. "पण बाबा, रविवारी तेल मागच्या चाकावर आलं, तर तुम्ही आणि मेरिन दोघंही रस्त्यावर लोळाल. आज गळती थांबली नाही, तर सोमवारी गाडी ॲडलेडच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतो."

मेरिनने नट मुठीत आवळला. दर वसंतात एका रविवारी मूंटा गावाहून वॉलरू बंदराच्या धक्क्यापर्यंत जुन्या गाड्यांची फेरी निघते. बारा वर्षं पूर्ण झाली की आजोबांच्या मागे बसायचं, असं ठरलं होतं. बारा मागच्याच महिन्यात पूर्ण झाली होती!

आणि आजोबांनी आजवर कधीच दुकानदाराला बोल लावला नव्हता.

काकाने सीलमध्ये दोन स्क्रू पिळले, पक्कडीने ओढलं, काकूसमोर न म्हणण्यासारखं काहीतरी म्हटलं, तेव्हा कुठे ते चिवट सील निघालं. मग दोघे मोठे काकूने भाजलेल्या, मांस-भाजी भरलेल्या पेस्टी खायला घरात गेले.

"जोरी, भंगाराचा डबा आण!" मेरिन ओरडली.

"मी काय तुझा नोकर?" काकाचा अकरा वर्षांचा मुलगा जोरी कुरकुरत डबा घेऊन आलाच.

आधीची दोन सीलं आणि हे तिसरं मेरिनने रॉकेलमध्ये धुऊन उन्हात धरलं. रबराचा आतला काठ वाकवून पाहिला.

"अरे! तिन्हींना बारीक चीर आहे, अगदी सारखी!"

"उंदीर!" जोरी म्हणाला.

"तेलकट रबर कोण खाईल?"

"आईच्या पेस्टीतला सलगम खातो, तो काहीही खाईल."

मेरिन हसली नाही. सील बसवताना इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, शाफ्टच्या टोकावरून सरकतं. म्हणजे चावणारा दात तिथेच असणार! तिने काकूचा फाटका नायलॉन मोजा बोटाला गुंडाळून शाफ्टवरून फिरवला. चर्र! खाचेच्या कडेला धागा अडकला. तिथे लोखंडाचा काट्यासारखा कोंब वर आला होता.

"शाफ्टवर हातोडी कोणी मारली?" तिने दारातून परतलेल्या मोठ्यांना विचारलं.

जोरीने वडिलांकडे पाहिलं. काकाने छताकडे.

"एकदाच," काका म्हणाला. "हळूच."

"पण आजोबांना तो कोंब दिसला कसा नाही?" जोरीने विचारलं.

काका पाने लहान-मोठ्या क्रमाने लावू लागला. "शेडमध्ये उजेड कमी आहे," तो म्हणाला. भर दुपार होती, दार सताड उघडं होतं.

मेरिनने बारीक पॉलिश पेपरने कोंब घासून काढला. दुधाच्या प्लास्टिक बाटलीची पट्टी कापून शाफ्टभोवती गुंडाळली. ही युक्ती दोन वर्षांपूर्वी आजोबांनीच शिकवली होती. चौथ्या सीलला ग्रीस लावून ते पट्टीवरून अलगद सरकवलं आणि हलक्या ठोक्यांनी चारी बाजूंनी सारखं बसवलं. काकाने बाकीचं जोडलं. इंजिन वीस मिनिटं धडधडलं. खाली कोरा कागद होता.

"ॲडलेडवाल्याला नाही म्हणून कळवतो!" काका म्हणाला. "पोरांनो, हरलो बुवा!"

आजोबा गुडघ्यांवर बसून कागदाकडे वाकले. नाक टेकेपर्यंत वाकले.

"किती थेंब?" त्यांनी विचारलं.

कागद कोराच होता.

"एकही नाही, आजोबा," मेरिन हळू आवाजात म्हणाली.

त्यांनी कागदावरून तळवा फिरवला. कोरडा. मग त्यांनी तिचा ग्रीसने माखलेला हात चाचपून धरला.

"कामाचा हात आहे हा. माझ्यापेक्षा बरा." ते उठले आणि किल्ली काकापुढे धरली. "क्लेम, रविवारी गाडी तू चालव. पोरगी मागे बसेल. सीलं चांगलीच होती रे. मला दिसत नाही."