आत्याची फुंकर

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. आमचं स्वयंपाकघर. मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. घरात मी आणि आत्या, दोघीच.

आत्या कधी फुंकर मारायची नाही. दूध गरम असो, डोळ्यात कचरा जावो... नाही म्हणजे नाही. बाबा चिडवायचे, "ही तोंडची वाफ फक्त भांडताना दवडते!"

कारण मला मोठेपणी कळलं.

युद्धात ती बॉम्बच्या कारखान्यात होती. बॉम्बच्या नाकावर छोटा पंखा असतो. विमानात तो तारेने अडकवलेला असतो. बॉम्ब सुटला की तार मागे राहते, वाऱ्याने पंखा गरगर फिरतो आणि गळून पडतो. तेव्हा कुठे बॉम्ब जागा होतो.

आत्याचं काम एकच. प्रत्येक पंख्यावर फुंकर मारायची. फिरला की पास.

एकदा एक वैमानिक शाबासकी द्यायला आला होता. "तुमचा एकही पंखा दगा देत नाही. परवा रात्री अख्खं गाव झोपेतच गाडलं गेलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानेही.

त्या दुपारी माझा गुडघा फुटला. मी भोकाड पसरलं.

"आत्या, फुंकर मार ना!"

"नको गं मागूस, बाळा."

मी हट्टच धरला. शेवटी तिने डोळे मिटले... आणि फुंकर मारली.

गरगर... गरगर...

आवाज छताच्या वरून येत होता. खाली खाली...

मग एकदम थांबला.

आत्या माझ्यावर पालथी पडली. आम्ही श्वास रोखून वाट पाहिली. काहीच झालं नाही.

फक्त मागच्या रिकाम्या खोलीतून एक चिमुकला आवाज आला...

"मला पण लागलंय."

आत्या उठली. मी तिचा हात घट्ट धरला. तिने तो हळूच सोडवला.

"इतकी वर्षं ताटकळलंय गं ते लेकरू. टाळ्या वाजवल्यात मी. आता तरी जायला नको?"

दार लागलं. आतून ऐकू येत राहिलं... फू... फू...

संध्याकाळी बाबांनी दार तोडलं. आत्या जमिनीवर बसलेली होती. श्वास संपलेला. केसांत, ओठांवर पडक्या भिंतीची असते तशी धूळ.

छताला साधा तडाही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. म्हणोत बापडे. हट्ट मी धरला होता.

काल माझ्या लेकीचा गुडघा फुटला. मी तिला जवळ घेतलं, पण माझे ओठच उघडेनात.

ती अचानक रडायची थांबली. गुडघ्याकडे बघत राहिली...

"आई, त्या आजीला आता फुंकर पुरे म्हणून सांग ना. खूप दमलीये गं ती."