खुडूक कोंबडीखालचा फोन

माणसं फोन काखेत घालून हिंडायची, त्या काळातली ही गोष्ट. बॅटऱ्यांना लागणारा धातू पार संपला होता. उरलासुरला दवाखान्यांनी आणि आगबोटींनी उचलला, आणि फोन चालू लागले माणसाच्या अंगाच्या उबेवर. सकाळी मंडईत जावं तर निम्म्या लोकांची एक काख फुगलेली, आणि भेंडी निवडायला एकच हात मोकळा. थंडीत तर नवरा-बायको फोन मधे ठेवून झोपायचे, आणि सकाळी उठून आधी कुणी घ्यायचा यावरून भांडायचे.

ही उबेची करामत ओवी चोगलेची. पुण्याच्या फोन कंपनीत ती शास्त्रज्ञ होती. एखाद्या पट्टीची एक बाजू गरम आणि दुसरी गार असली, की मधून थोडी वीज वाहते, हे लोकांना दोनशे वर्षांपासून ठाऊक होतं. पण आपल्याकडच्या उकाड्यात दुसरी बाजू गार राहणार कशी? ओवीनं तिला असा एक लेप लावला, की तो आतली उष्णता सारखी बाहेर फेकत राहतो. हात गरम, पाठ गार, फोन सुरू. हिलाच लोक उबपट्टी म्हणायला लागले.

आता कंपनीचा सगळ्यात भारी फोन यायचा होता. विड्याच्या पानाएवढा पातळ, म्हणून नावही ‘पान’. आणि तिथंच घोडं अडलं. आत पावट्याच्या दाण्याएवढी एकच जागा शिल्लक होती, आणि तिथं बसू पाहणारे दोघे होते. एक, कॅमेऱ्याचं चौथं भिंग. त्यानं चंद्रावरचे खड्डे मोजता आले असते. दुसरी साठापेशी, म्हणजे वीज धरून ठेवणारा इवलासा दाणा. हात सुटला तरी तिच्यावर फोन दहा मिनिटं तग धरायचा. निवड ओवीनं करायची होती, सोमवारी पाच वाजेपर्यंत. तिनं मनात भिंग कधीच ठरवलं होतं. माणसाचा हात म्हणजे काय गार पडणार आहे?

सोमवारी सकाळी ती चाचणीच्या नोंदी चाळत होती. शंभर जणांना नमुन्याचे फोन दिले होते, त्यात एक तिची आत्या, हर्षदा. एकाहत्तर वर्षांची, हर्णैच्या बंदरावर मासे विकणारी. आई-बाप बोटीसकट गेल्यावर ओवीला तिनंच वाढवलं. आत्याच्या नोंदीवर नजर गेली आणि ओवीचा चहा अर्धाच राहिला.

अंगात ताप एकेचाळीस अंश. नाडी मिनिटाला दोनशे ऐंशी. चार दिवस जागची हललेली नाही.

तिनं फोन लावला. तो उचलला गेला असावा, कारण पलीकडून कुणीतरी घशात घरघरल्यासारखं केलं. मग बंद. आत्याच्या शेजारच्या घरी लावला, तर त्यांच्याकडंही हाच नमुना, तोही मुका. ओवीनं गाडी काढली आणि घाट कसा उतरली ते तिचं तिला कळलं नाही.

दुपारी दोनला ती अंगणात धडकली, तर आत्या पडवीत पाटावर बसून कोलंबी सोलत होती.

“आलीस? हात धू आणि बस.”

“आत्या! तुला ताप... तुझी नाडी दोनशे ऐंशी!”

“माझी नाय गो बाय. टिकलीची.” आत्यानं सुरीनं कोपऱ्याकडं दाखवलं. टोपलीत एक खुडूक कोंबडी अंग फुगवून बसली होती. तिच्याखाली सात अंडी आणि एक ‘पान’. “चार दिवस झाले. काय झकास चालतोय! मधे कुणाशीतरी बोललीपण.”

“माझ्याशी,” ओवी म्हणाली, आणि हसता हसता खालीच बसली. मग तिला राग आला. “अगं, लाखमोलाचं यंत्र कोंबडीखाली घालतात? ते हातात धरायचं असतं!”

“कुठल्या हातात?”

आत्यानं तळहात पुढं केला. ओवीनं तो धरला आणि दचकली. चाळीस वर्षं बर्फात मासे उपसलेला हात भर दुपारीही तांब्याच्या भांड्यासारखा गार होता.

“गेल्या बेस्तरवारी बर्फखोलीत पाय घसरला,” आत्या कोलंबीचं डोकं मोडत म्हणाली. “खुबा असा धरला की उठवेना. फोन हातातच होता. तुझं नाव काढेपर्यंत गेला काळोखात. बर्फाची गाडी आली तेव्हा सोडवलं. दीड तास गेला. मग म्हटलं, याला माझ्यापेक्षा गरम कुणीतरी हवं.”

ओवीनं तिच्या खुब्यावर हात ठेवला. पण ती पडली शास्त्रज्ञ. “तुझं वेगळं आहे, आत्या. बर्फात काम करणारे कितीसे असतात? आणि अशा वेळी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा.”

“दुसरं कुणी जवळ असतं तर फोन कुणाला केला असता, टिकलीला?” आत्या खुदकन हसली. आणि हसता हसताच छातीवर हात दाबून पाटावरून कलंडली.

“आत्या!”

ओवीचा स्वतःचा फोन गाडीत राहिला होता. तिनं कोंबडीखाली हात घातला, टिकलीनं मनगटाला टोचलं, तरी तिनं ‘पान’ ओढून काढलं. दवाखान्याचा नंबर लावला. एक घंटा वाजली, दुसरी वाजली. मग काचेवर ‘ऊब अपुरी’ अशी अक्षरं उमटली आणि फोन विझला. तिनं हात चोळले, फोनवर फुंकर मारली. काखेत घातला तर बोलायचं कुठून? तिशीतली धडधाकट बाई, आणि बोटं बर्फखोलीतून काढल्यासारखी.

जमिनीवरून आत्यानं एक डोळा उघडला. “बघ. तुला तर बर्फसुद्धा लागला नाय.”

ओवीनं आत्याला मिठी मारली, शिव्या दिल्या, पुन्हा मिठी मारली. माणूस घाबरलं की शरीर बोटांतलं रक्त आत ओढून घेतं, हृदयाला आणि पळणाऱ्या पायांना देतं. हे ती शिकली होती, त्यावर तिनं परीक्षासुद्धा दिली होती. पण प्रयोगशाळेत फोन तपासले ते गादीच्या खुर्चीत बसून, चहा पीत. तिनं असा फोन बनवला होता की तो सुखात कायम सोबत करायचा आणि भीतीच्या पहिल्या क्षणाला हात सोडायचा.

‘पान’ पुन्हा टिकलीखाली सारलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. बाहेरच्या अर्ध्यावर ओवीनं निकाल लिहिला: भिंग नको, साठापेशी हवी. कारणही लिहिलं. दहा मिनिटांत कंपनीचं उत्तर आलं.

‘घाबरल्यामुळे फोन बंद पडल्याची नोंद शंभर जणांत एकही नाही. पुरावा पाठवा.’

“काय म्हणतायत?” आत्यानं विचारलं.

“म्हणतायत, नोंद नाही.”

“नोंद कोण ठेवतं?”

“फोनच.” ओवी म्हणाली, आणि थांबली.

तिनं शंभर जणांचे आलेख उघडले. महिनाभराची रेघ, आणि मधे मधे पांढऱ्या मोकळ्या जागा. त्या तिनंच पाहून सोडून दिल्या होत्या. बाजूला शेरा मारला होता: ‘फोन हातात नव्हता.’ आत्याच्या रेघेत गुरुवारी दीड तासाची जागा होती. बाकीच्यांच्याही होत्या. चार मिनिटं, सात मिनिटं, पाऊण तास. बऱ्याच खरंच साध्या असतील, कुणी अंघोळीला गेलं असेल. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे सांगणारा एकमेव साक्षीदार त्याच वेळी विझलेला.

आत्याही वाकून बघत होती. तिनं बोट टेकवलं. “ही बघ. हिला दुसरं टोकच नाय.”

त्रेसष्ट क्रमांकाची बाई. वय चौसष्ट, गाव चंदगडकडचं. नऊ तारखेला दुपारी रेघ तुटली होती ती तुटलीच. त्यापुढं ओवीच्याच अक्षरात शेरा होता: ‘फोन आवडला नसावा.’

आज चोवीस तारीख होती.

ओवीनं तो नंबर लावला. बोटं पुन्हा गार पडली होती, पण फोन सुरू होता. टिकली डोळे मिटून, अंग फुगवून त्याच्यावर बसली होती. आत्यानं कोलंबी बाजूला सारली आणि तीही कान देऊन बसली.

पलीकडं घंटा वाजतच नव्हती.