सातव्या भागाचा शेवट

कारंज्याच्या टॉकीजमध्ये त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर भाद्रपदाची झड लागलेली, सगळ्यांच्या चपला चिखलानं भरलेल्या, आणि आत 'शून्यपार'चा सहावा भाग! पोरांनी छातीवर कप्तानाचं तोंड छापून घेतलं होतं. एकजण तर चेहऱ्याला चंदेरी रंग फासून परग्रहावरचा माणूस होऊन आला होता आणि पावसानं तो रंग त्याच्या शर्टावर उतरला होता. कप्तान पडद्यावर आला तशी शिट्ट्यांनी पत्रे दणाणले.

राखी मात्र हाताची घडी घालून बसली होती. ती इंझोरीच्या जानरावांची मुलगी, कारंज्यात एका चष्म्याच्या दुकानात कामाला. शून्यपारच्या पहिल्या भागावर तिचा जीव जडला होता. अंतराळात भरकटलेला एक कप्तान, त्याचं मोडकं जहाज, आणि पुढं काय होईल याचा कुणाला पत्ता नाही... तसलं तिनं आधी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या भागापासून मात्र तेच ते. नवा ग्रह, नवा राक्षस, शेवटी जहाज घराच्या मैदानात उतरणार आणि कप्तानाची आई दारात उभी. राखी दरवेळी चिडायची, नावं ठेवायची, आणि पुढचा भाग लागला की पहिल्याच दिवशी तिकीट काढायची.

"आता म्हनन पाहा... अभी सफर बाकी है," पुढच्या खुर्चीतला पोरगा स्वतःशीच पुटपुटला. पडद्यावर कप्तान नेमकं तेच म्हणाला. जरा वेळानं पुन्हा तसंच झालं, मग पुन्हा. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा राखीनं त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं.

"पिक्चर पाठ हाय तं घरी बसाव ना. दुसऱ्याले तरी पाहू द्या."

तो वळला. सावळा, ओल्या केसांचा, हसताना एक गाल आत जाणारा.

"पाठ कुठचा... मी तं पयल्यांदाच पाहून राह्यलो."

"मंग बोलनं कसं मालूम तुमाले?"

"पाचही भागात तो हेच बोलला. आता कायले बदलन?"

आणि हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता! आपल्या घरच्या माणसाचं कौतुक सांगावं तसं सांगत होता. राखीला असा राग आला, असा राग आला... की उरलेला सिनेमा तिनं पडद्याकडं कमी आणि त्याच्या मानेकडं जास्त पाहिला.

मानोऱ्याची गाडी दोघांची एकच निघाली. त्याचं नाव वीरेंद्र. मानोऱ्याच्या पुढच्या बंजारा तांड्यावरचा, मोहनसिंग आणि बेबीबाईचा मुलगा. दिवाळी झाली की सगळं घर सांगलीकडं ऊसतोडीला जायचं आणि होळीला परतायचं. बाकीचे दिवस तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं राखीसाठी खिडकीची जागा धरली, आणि काचेतून पाणी आत येतंय हे दिसल्यावर स्वतः तिथं सरकला. शिळ्या कढीला ऊत आणतात आणि लोक शिट्ट्या मारतात, असं राखी म्हणाली. त्यानं भिजलेली बाही पिळली.

"आमी अर्धं साल घरी नसतो," तो म्हणाला. "परत येतो ना, तवा तांडा दिसाच्या आधीच मी ट्रकात उभा राहून पाह्यतो. घर तिथंच हाय का, लिंबाचं झाड तिथंच हाय का... अन् सगळं तिथंच असते, तवा कुठं जेवन जाते. कप्तान घरी पोचला की मले तसंच वाटते. नवं काय करू घेऊन?"

"आन् मी इंझोरीतून कारंज्याले, कारंज्यातून इंझोरीले," राखी म्हणाली. "रोज तेच झाड, तोच कंडक्टर. पैसे देऊन बी तेच पाहू काय?"

तो हसला. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब होता, तो पुसावा असं राखीला वाटलं, आणि ती घाईनं दुसरीकडं बघू लागली.

मग काय! वीरेंद्रला कारंज्यात कामं निघू लागली. कधी ट्रॅक्टरचा पाना, कधी बापाचा चष्मा. मोहनसिंगांच्या चष्म्याची काडी तर इतक्यांदा ढिली झाली की दुकानाचे मालकही मिशीत हसायला लागले. कप्तानावरून भांडणं व्हायची, भांडता भांडता चहा थंड व्हायचा. "तुमी"चं "तू" कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

दिवाळी जवळ आली तशी राखीची झोप उडाली. हा जाणार. तिच्या मनात एकच होतं, यानं जाऊ नये. इथं राहावं, तिच्याजवळ. मालकांच्या ओळखीनं तिनं एका कापसाच्या जिनिंगमध्ये ड्रायव्हरची बारमाही जागाही विचारून ठेवली. पण वीरेंद्रला सांगताना मात्र काय केलं? जागा चांगली आहे म्हणाली, सुट्टी मिळते म्हणाली, सगळं सगळं म्हणाली... "माझ्यासाठी थांब" तेवढं राहिलं. मुकादमाला शब्द दिलाय, टोळी अडेल, असं तो म्हणाला आणि तिच्याकडं बघत राहिला. ती काही बोलेल म्हणून तो थांबला होता, हे तिला कळलं होतं. तरी तिनं चष्मा पुसायला घेतला आणि ट्रकात बसून तो गेला.

सातवा भाग संक्रांतीच्या सुमारास लागला. कंपनीनं दोन्ही भाग एकदमच काढून ठेवले होते म्हणे. वीरेंद्रनं बोलून पाठवलेला आवाज फोनवर आला, मागं वाऱ्यावर पाचट सळसळत होतं. इथून टॉकीज लांब आहे, तू पाहा आणि मला सांग, रोज थोडं थोडं. त्याच्या आवाजात अशी भूक होती की राखी त्याच दिवशी गेली.

सिनेमा आधीच्या सगळ्यांहून वाईट होता. पहिल्या भागाचीच गोष्ट उचलून तिला नवे कपडे घातले होते. पोरं शिट्ट्या मारत होती, पण त्या शिट्ट्यांतही यावेळी दम नव्हता. शेवटी जहाज मैदानात उतरलं, आई दारात आली, आणि राखी अंधारात रडली. तिला त्या कप्तानाचं घरी जाणं बघवेना. सगळे जातात, एवढंच तिला दिसत होतं.

पहिल्या संध्याकाळी तिनं खरं तेच बोलून पाठवलं. दुसऱ्या दिवशी जिभेनं वळण घेतलं. तिनं एक काळोखा ग्रह रचला. त्या ग्रहावर दिवे दुरुस्त करत फिरणारी एक पोरगी होती. कप्तान तिला चिडवायचा, ती त्याच्यावर रागवायची. राखी रोज दुकानातून आली की चुलीपाशी बसून फोनमध्ये बोलायची, आणि तिकडं कोप्यांमध्ये, उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्यांपुढं, सगळी टोळी ऐकायला जमायची. म्हाताऱ्यांना कळावं म्हणून वीरेंद्र ते पुन्हा गोरमाटीत, घरच्या बोलीत, सांगायचा. एकदा त्याच्या आईचाच आवाज आला, बेबीबाईचा. कप्तान तिकडं रमला तर त्याची आई इकडं एकटी काय खात असेल, असं तिनं विचारलं होतं. राखीला हसू आलं. त्या प्रश्नावर तेव्हा तिनं फारसा विचार केला नाही.

आणि शेवट? शेवटी जहाज दुरुस्त होतं. घराकडची वाट उघडते. कप्तान जहाजाकडं बघतो, पोरीकडं बघतो... आणि रिकामं जहाज सोडून देतो. दिव्याच्या उजेडात तिच्याशेजारी बसतो. आता त्याला कळेल, असं तिला वाटलं. न कळायला काय झालं!

बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग एका दुपारी दुकानात फोन वाजला.

"राखी, त्या कप्तानानं माहे डोळे उघडले," वीरेंद्र म्हणाला. तिथल्या एका बागायतदाराला बारमाही ट्रॅक्टर ड्रायव्हर हवा होता. राहायला खोलीही होती. दरसाली तो विचारायचा आणि दरसाली वीरेंद्र नाही म्हणायचा, घरच्या ओढीनं. यंदा त्यानं होकार दिला. माणूस राहील तिथं घर होतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! त्याच्या आवाजातला आनंद राखीला स्पष्ट ऐकू येत होता. समोर एक आजी डोळे बारीक करून भिंतीवरची अक्षरं वाचत होत्या. राखीनं त्यांना पुढची ओळ दाखवली.

होळीला टोळी परतली. सण करून वीरेंद्र एकटाच पुन्हा सांगलीकडं निघाला, तो तिला कारंज्याच्या स्टँडवर भेटायला आला. ऊन तापलं होतं. बाकावर बसत त्यानं फोन काढला. सातवा भाग त्यात होता. कधीचा मिळाला होता, पण त्यानं पाहिला नव्हता.

"तुह्यासंग पाहाव म्हनून ठेवला," तो म्हणाला आणि कानातली एक वायर तिला दिली.

ती त्याला अडवू शकली असती. तिनं वायर कानात घातली. खांद्याला खांदा लागला होता, आणि इतक्या जवळ ते दोघं याआधी कधीच बसले नव्हते. काळोखा ग्रह आला नाही. पोरगी आली नाही. वीरेंद्रनं मधेच दोनदा तिच्याकडं पाहिलं. शेवटी जहाज मैदानात उतरलं आणि आई दारात आली.

"हा दुसराच हाय काय?" त्यानं हळूच विचारलं.

"नाई. हाच."

"अन् ते दिवेवाली पोरगी?"

"ते मी मनानं रचली. कप्तान तिच्यापाशी थांबला ना... मले वाटलं, तुले समजन."

त्यानं कानातली वायर काढली आणि बोटाभोवती गुंडाळत बसला. फलाटावरून एक गाडी गेली आणि धूळ खाली बसली.

"मले वाटलं, गेलो तिथंच राह्याव, असं सांगून राह्यला पिक्चर," तो अखेर म्हणाला. "जिनिंगचं सांगितलं तवा एकदा सरळ म्हनाली असती... मी ट्रकात चढलोच नसतो, राखी."

"आता म्हनते. थांब."

तो नाही म्हणाला नाही, पण त्याची मान खाली गेली. जिनिंगची जागा केव्हाच भरली होती. बागायतदारानं त्याच्या भरवशावर नवा ट्रॅक्टर काढला होता. आणि खरं सांगायचं तर, तो अडखळत म्हणाला, बारा महिने एकाच दाराला कुलूप लावायचं सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळणार होतं.

"तू चाल माह्यासंग," तो म्हणाला. "तुले नवं पाह्यजे होतं ना?"

राखीच्या डोळ्यांसमोर जानराव आले. आई गेल्यावर घरात ते, ती आणि भाऊ पवन. पवन पुण्याला गेला, तिथलाच झाला, आणि तेव्हापासून बाबा संध्याकाळी गाडीच्या वेळेला फाट्यावर उभे राहू लागले, कुणालाही न सांगता, शेतातून येता येता सहज थांबल्यासारखे. तांड्यावरच्या पोराबरोबर ती गेली, तर गाव बोलेल ते बोलेल. ते तिनं ऐकून घेतलं असतं. पण त्या फाट्यावर बाबा कुणाची वाट बघणार?

"तू आवडते मले," ती म्हणाली. "पयल्या दिवशी गाडीत बसलो ना, तवापासून. पन मी येत नाई, वीरेंद्र. बाबाले सोडून मले येता येत नाई."

त्यानं तिचा हात हातात घेतला. भर दुपारी, भर स्टँडवर. कुणी पाहतंय का, हे दोघांनीही पाहिलं नाही. गाडी लागली तेव्हा त्यानं एकच मागितलं. खरा शेवट टोळीला सांगू नकोस. त्याची आई म्हणते, सगळ्या भागांत हाच भाग चांगला. मग तो चढला, खिडकीत बसला, आणि गाडी वळेपर्यंत तिच्याकडं बघत राहिला. राखी रडली, बाकावर बसून, ओढणी तोंडाशी धरून, आणि मग दुकानात परत गेली.

संध्याकाळी फाट्यावर जानराव होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी तिची पिशवी घेतली. घरी येऊन राखी चूल पेटवत होती तेव्हा फोनवर बेबीबाईनं बोलून पाठवलेला आवाज आला. ती तांड्यावरून बोलत होती.

"पोरी, वीरेंद्र गेला आज. घर कसं मोकळं मोकळं झालं. तुले इचाराव म्हटलं... त्या कप्तानाचा पुढचा भाग येईन ना? त्यात तो घरी येते काय?"

आठवा भाग कंपनीनं काढायचाही ठरवला नव्हता. निघालाच तर त्यात काय असेल हे राखीला डोळे मिटून सांगता आलं असतं. ज्या शेवटाला तिनं इतकी वर्षं नावं ठेवली, तोच शेवट आज तिला हवासा वाटत होता. तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग तिनं बटण दाबलं.

"येते, मावशी," ती म्हणाली. "आठव्या भागात येते. जहाज मैदानात उतरते, अन् माय दारातच उभी असते."